सव्वा मिनिटाला एक शोधनिबंध!

कांजूरमार्गला लोकलमधून उतरा, पश्चिमेला बाहेर पडा आणि पवईच्या आयआयटीसाठी रिक्षा पकडा. प्रवासाची पंधरा मिनिटं धरू. तेवढ्यात जगभरच्या बोगस जर्नलांत बारा शोधनिबंध छापून झाले! तेही 2014 च्या वेगाने.

हा वेग आला कुठून? हेलसिंकीच्या शेन आणि ब्यर्क या संशोधकांनी पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या जर्नलांचा अंदाज बांधला. 2010 मध्ये 53 हजार निबंध. 2014 मध्ये 4 लाख 20 हजार. चार वर्षांत जवळजवळ आठपट! वर्षाची मिनिटं सव्वापाच लाख. भागाकार करा, सव्वा मिनिटाला एक निबंध पडतो. दिवसा, रात्री, दिवाळीतसुद्धा.

हे सगळं वाचायचं म्हटलं तर? निबंधाला एक तास द्या, रोज आठ तास बसा, एकही सुट्टी नको. 4 जानेवारी 1881 रोजी ‘केसरी’चा पहिला अंक निघाला. त्या दिवशी वाचायला बसलेला माणूस 2024 च्या सप्टेंबरअखेरीस उठेल. आणि वाचून झालं असेल फक्त एका वर्षाचं पीक!

आता कागद मोजू. निबंधाला आठच पानं धरा. साडेतेहतीस लाखांवर पानं झाली. एकापुढे एक अंथरली तर हजार किलोमीटरला जेमतेम दोन कमी. सीएसएमटी ते पुणे रेल्वेने 192 किलोमीटर. म्हणजे पाच वेळा पुणं गाठायचं, आणि सहाव्यांदा निघालेला पट्टा कांजूरवरून ठाण्याच्याही पुढे जातो!

पैसा? निबंधामागे सरासरी 178 डॉलर. तेव्हाच्या दराने वर्षाचे साधारण 450 कोटी रुपये. दहा रुपयांच्या लोकलच्या तिकिटांत मोजा: 45 कोटी तिकिटं. मुंबईच्या लोकलने रोज जाणारे 75 लाख प्रवासी दोन महिने फिरतील. आणि हे पैसे भरणाऱ्या लेखकांपैकी जवळपास एक तृतीयांश भारतातले. बढतीसाठी, पीएचडीसाठी ‘पेपर हवा’ म्हणून पदरचे पैसे घालणारे आपलेच प्राध्यापक, आपलीच मुलं. इथे मात्र आकड्याची गंमत वाटत नाही.

मग कोणतं जर्नल खरं, हे यादी बघून ठरवावं? पुण्यात संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी खुद्द विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, मान्यताप्राप्त यादीलाच हात घातला. विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांतून नमुना काढला, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सूचींमधली वगळली, उरलेली 1009 तपासली. कुणाचा पत्ता नाही, कुणाचे संपादक नाहीत, कुणाचा आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळखक्रमांक, चुकीचा. 88 टक्क्यांहून जास्त जर्नलं सुमार असावीत, हा निष्कर्ष 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. बारा डब्यांची लोकल कांजूरला लागावी आणि त्यातल्या साडेदहा डब्यांत पाय ठेवायची सोय नसावी! त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने 4,305 जर्नलं यादीतून काढली. 2019 मध्ये यूजीसी केअर यादी आली. फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाली.

आता पारखायचं आपणच. सुरुवात आठ अंकांपासून करा. आयएसएसएनच्या पहिल्या सात अंकांना ओळीने 8, 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणा, बेरीज करा, आठवा अंक मिळवा (एक्स असेल तर 10). उत्तराला 11 ने पूर्ण भाग गेला पाहिजे. ‘करंट सायन्स’चा 0011-3891 घ्या: 65 अधिक 1, म्हणजे 66. बरोबर! मनाने ठोकून दिलेल्या अकरा क्रमांकांपैकी सरासरी दहा इथेच उघडे पडतात. उरलेला एक खऱ्या यादीत त्याच नावाने आहे का, ते आयएसएसएनच्या पोर्टलवर पाहा. मग संपादक म्हणून छापलेल्या प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर एक ईमेल टाका आणि विचारा, तुम्ही खरंच संपादक आहात का? प्रबंधात पुढचा संदर्भ लिहिण्याआधी एवढं कराच.