आज काय गावला?

मालवणात जेवायला कुठे जाऊ, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, कधी जाणार? महिना कुठला, वार कुठला, दुपार की रात्र? बंदराच्या गावात ताटाचं घड्याळ समुद्राच्या हातात असतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे कुठलं ठाऊक! एका घरगुती खानावळीत बसलो आणि ऐटीत पापलेट मागितलं. काकींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "झिला, पापलेट फ्रीजमधला आसा. मुडदुसे खा, सकाळीच इले." खाल्ले. तेव्हापासून मालवणात मी मेन्यूकार्ड उघडत नाही. "आज काय गावला?" एवढंच विचारतो.

(मुडदुसो म्हणजे आपल्या मुंबईकडची नगली. वीतभर, चंदेरी, मांस इतकं हलकं की आजाऱ्याला आणि बाळंतिणीलाही देतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा केलं ते ठीक, पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं.)

विहिरी की न्याहारी?

मालवणच्या समोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला. चहूकडे खारं पाणी, आणि किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. त्यांची नावं काय, तर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. बारसं करणाऱ्याला सकाळपासून काही खायला मिळालं नसावं, असा माझा अंदाज आहे. गंमत म्हणजे खुद्द गावाच्या नावात मीठ आहे. महा-लवणावरून मालवण झालं, असं सांगतात. जेट्टीवरून होडी किल्ल्यात नेते, पण पावसाळ्यात ती बंद. म्हणजे इथेही आधी कॅलेंडर बघा.

फुकटातला सगळ्यात चांगला खेळ

संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो. ट्रॉलर परत आलेले, बर्फाचा चुरा पायाखाली, वर घारी, खाली मांजरं, आणि मध्ये आकडे इतक्या वेगाने फिरतात की गणिताच्या मास्तरांनाही घाम फुटावा. आपण तिथे फक्त बघायचं. बोली लावायची नाही, आणि डोकं खाजवायला हातही वर करायचा नाही. खरेदी करायची तर बाजारात, बसलेल्या बायकांकडून, वाट्यावर. कल्ले लाल, डोळे फुगीर, अंग दाबलं तर बोटाचा खड्डा राहत नाही, एवढं पाहिलं की पुरे. काही घरगुती मुक्कामांत तुम्ही आणलेले मासे रांधूनही देतात. फक्त "वायच तिखट चलात?" असं विचारलं तर "हो" म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करा. मालवणी माणसाचं "वायच" म्हणजे थोडंसं. कुणासाठी थोडंसं, ते तो सांगत नाही.

सकाळी लवकर जाग आली तर चिवल्याच्या किनाऱ्यावर चक्कर टाका. नशीब असेल तर रापण दिसेल. होडीतून अर्धगोल जाळं टाकतात आणि दोन टोकांना दोन रांगा उभ्या राहून ते हाताने किनाऱ्यावर ओढतात. मग मासळीचे वाटे पडतात. तास-दीड तास उभं राहून जी भूक लागते, तिला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार याशिवाय उतारा नाही.

चिनी चुलतभाऊ

बांगड्याचं तिखलं खाताना अचानक जीभ बधिर झाली, ओठांवर मुंग्या आल्या, तर डॉक्टर शोधू नका. ते तिरफळ. मिरीपेक्षा जरा मोठं, वाळल्यावर फुटून उघडणारं काटेरी झाडाचं फळ. आतलं काळं, चकचकीत बी फेकून द्यायचं आणि वरची साल ठेवायची, हे पहिलं नवल. चीनमधल्या सिचुआन प्रांताच्या जेवणात जीभ झिणझिणवणारी मिरी असते, तिचं आणि तिरफळाचं कूळ एकच, हे दुसरं. आणि दोघं मिळून लिंबू-संत्र्याच्या कुटुंबातली, हे तिसरं. म्हणूनच तिरफळाला तो लिंबाच्या सालीसारखा वास येतो. बांगडे, पेडवे अशा तेलकट, उग्र माशांना ते हवंच. इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या कालवणात मात्र कुणी घातलं तर मला तरी ते पटत नाही. तिरफळं ठेचायची आणि रश्श्यात सोडायची. ताटात आली की बाजूला काढायची, चावायची नाहीत. चावलात तर पुढची पंधरा मिनिटं सोलकढीसुद्धा पाण्यासारखी लागेल.

कढी, पण चुलीवर न चढलेली

सोलकढीला कढी म्हणतात, आणि ती कढवत मात्र नाहीत. ओल्या नारळाचा दाट रस, त्यात कोकमाचं आगळ, लसूण आणि हिरवी मिरची ठेचून, वर कोथिंबीर. संपलं. विस्तव लागलाच नाही. आगळ म्हणजे रतांब्याचा, कोकमाच्या फळाचा, खारवलेला रस. त्याच फळाची साल रसात पुन्हापुन्हा बुडवून उन्हात वाळवली की सोलं, म्हणजे आमसुलं. साखरेत मुरवली की अमृत कोकम. आणि उरलेल्या बियांपासून निघतं ते घट्ट तेल, जे थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात. एका फळातून जेवण, सरबत आणि मलम! सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही.

आता ओळखायचं कसं? ग्लास उजेडात धरा. फिकट, किंचित जांभळट गुलाबी दिसली तर प्या. लग्नाच्या मांडवासारखी भडक गुलाबी असेल तर तो रंग रतांब्याचा नव्हे. थोडा वेळ ठेवली की खरी सोलकढी तळाशी पातळ आणि वर दाट अशी फुटते. घाबरू नका, चमचा फिरवा. नारळ न घालता केली तर ती फुटी कढी. आणि कृपा करून ती सुरुवातीला सूपसारखी पिऊ नका. शेवटच्या भातावर ओता, मग उरलेली वाटी तोंडाला लावा.

वडे

तांदूळ, उडीद, त्यात मेथी आणि धणे. पीठ केळीच्या पानावर थापायचं, तेलात टाकलं की टम्म. सोबत सागोती. कोंबडीच्या रश्श्याला वडा चालतो, माशाच्या कढीला नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडणाऱ्याकडे शेजारच्या टेबलावरून बघतात. हॉटेलचं नाव हवंच असेल तर चैतन्य आणि अतिथी बांबू ही दोन तुम्हाला कोणीही सांगेल. रविवारी दुपारी दीड वाजता गेलात तर रांगेतल्या माणसांशी ओळखही होईल.

जून-जुलैत गेलात? वा!

१ जून ते ३१ जुलै, एकूण ६१ दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मासे अंडी घालतात आणि समुद्रही कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. पर्यटक हळहळतात. मला उलट हाच मोसम आवडतो, कारण हॉटेलं थंडावतात तेव्हा घरातल्या फडताळांना जाग येते. उन्हाळ्यात वाळवलेला खारा बांगडा निखाऱ्यावर भाजायचा, आणि सोबत उकड्या तांदळाची गरम पेज. सुकी सुंगटं घालून फणसाच्या आठळ्या. पहिला मोठा पाऊस झाला की ओहोळातून उलट्या दिशेने चढणारे मासे, वलगणीचे, आणि रात्री बत्ती घेऊन पकडलेल्या कुर्ल्या. यातलं बरंचसं कुठल्याच मेन्यूवर नसतं. कुणाच्या तरी घरी ओळख काढावी लागते. कोकणात ती तीन प्रश्नांत निघते: गाव खंयचा, आडनाव काय, आवस कोणाची?

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की मोसम उघडतो. त्या दिवशी मालवणात नारळ लढवतात. एकाने आपला नारळ धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला आपटायचा. ज्याचा फुटला तो हरला. फुटलेल्या नारळाचं काय होतं, हे विचारू नका, रात्रीच्या रश्श्यात बघा.

गोडाचं

शिरवाळे मागायचे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. तांदळाच्या पिठाचे मुटके उकडतात आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबतात. पांढऱ्या शेवयांची जाळी खाली पडते. दाबायला दोन माणसं लागतात, आणि त्यातल्या एकाचं वजन साच्यावर असतं. वर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस.

आणि निघताना खाजं. बेसनाच्या जाड कांड्या तळून आल्याच्या गुळात घोळवलेल्या. आंगणेवाडीच्या जत्रेतून कुणी रिकाम्या हाताने परतत नाही ते यामुळेच. दरवेळी मी चार पुडे घेतो. दोन ऑफिसला, एक शेजाऱ्यांना, एक घरी. कुडाळला गाडीत बसलो की चव बघायला म्हणून एक फोडतो. वैभववाडी येईपर्यंत शेजाऱ्यांचा पुडा संपलेला असतो.