प्रश्न विचारायला शिकवताना

शालेय व्याकरणात इंग्रजी वाक्यांची विभागणी दोन अंगांनी केली जाते: आशयावरून विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी व उद्गारार्थी, आणि रचनेवरून केवल, संयुक्त व मिश्र. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ही नावे नवी नसतात, कारण मराठी व्याकरणाच्या तासालाही ती शिकवली जातात, आणि त्यामुळेच हा पाठ सोपा समजून लवकर उरकला जातो. वाक्याचा प्रकार ओळखता येणे आणि त्या प्रकारचे वाक्य स्वतः बोलता येणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील अंतर प्रश्नार्थी वाक्यात सर्वांत जास्त जाणवते.

मराठीत 'राम नाशिकला राहतो' या विधानाला 'का' जोडला की प्रश्न तयार होतो. शब्दांचा क्रम बदलत नाही, क्रियापदाचे रूपही बदलत नाही, आणि बोलताना तर नुसता आवाज चढवूनही काम भागते. इंग्रजीत सहायक क्रियापद, म्हणजे काळ, नकार इत्यादी दाखवण्यासाठी मुख्य क्रियापदाच्या मदतीला येणारे 'इज', 'हॅव', 'विल' यांसारखे क्रियापद, कर्त्याच्या आधी आणावे लागते, आणि वाक्यात तसे क्रियापद नसेल तर 'डू' आणून उभे करावे लागते. 'राम लिव्ह्ज इन नाशिक' याचा प्रश्न करताना विद्यार्थ्याने 'डू' आणायचे, त्याचे 'डज' करायचे, ते रामाच्या आधी ठेवायचे आणि 'लिव्ह्ज'चा प्रत्यय काढून टाकायचा, हे सर्व बोलण्याच्या ओघात साधायचे असते. 'डज राम लिव्ह्ज' किंवा 'व्हाय यू आर लेट' अशी वाक्ये ऐकू येतात ती या ओझ्यामुळे, निष्काळजीपणामुळे नव्हे. या नियमामागे तर्कापेक्षा इतिहासच अधिक आहे: शेक्सपिअरच्या काळातील इंग्रजीत 'डू'सह आणि 'डू'शिवाय अशा दोन्ही तऱ्हांनी प्रश्न विचारले जात.

जर्मन भाषावैज्ञानिक मानफ्रेड पीनेमान यांनी १९८०च्या दशकात जर्मन शिकणाऱ्या इटालियन मुलांचा अभ्यास करून असे मांडले की, दुसऱ्या भाषेतील काही रचना ठरावीक क्रमानेच आत्मसात होतात आणि शिकवण्याने मधली पायरी गाळता येत नाही. इंग्रजी प्रश्नांच्या बाबतीत हा क्रम पुढीलप्रमाणे सांगितला जातो: प्रथम आवाज चढवून उच्चारलेले विधान, मग विधानाच्या तोंडाशी नुसता प्रश्नशब्द किंवा 'डू' ठेवणे, मग 'व्हेअर इज राम' यासारखा साधा क्रमबदल, त्यानंतर 'व्हेअर डज राम लिव्ह', आणि सर्वांत शेवटी अप्रत्यक्ष प्रश्न, म्हणजे मिश्र वाक्याच्या पोटात गौण वाक्य म्हणून आलेला प्रश्न. या शेवटच्या पायरीवर मोठ्या कष्टाने शिकलेला क्रमबदल पुन्हा मोडावा लागतो आणि 'आय डोन्ट नो व्हेअर राम इज' असे म्हणावे लागते. येथे 'व्हेअर इज राम' म्हणणारा विद्यार्थी चुकतो खरा, पण ती चूक आधीची पायरी पक्की झाल्याची खूण आहे. वहीतील लाल शाई मात्र तिच्यात आणि 'व्हाय यू आर लेट'मध्ये फरक करीत नाही.

आज्ञार्थी वाक्याची अडचण वेगळी आहे. मराठीत 'बस', 'बसा', 'बसावे' या रूपांतच समोरच्याचा मान राखला जातो, तर इंग्रजीत 'सिट' हे एकच रूप सर्वांना लावावे लागत असल्याने आदर दाखवण्यासाठी 'प्लीज' जोडतात किंवा 'कुड यू' अशी प्रश्नाची रचना वापरतात. म्हणजे रचना प्रश्नाची आणि काम विनंतीचे. प्रकार फक्त नावांनी शिकलेला विद्यार्थी अशा वाक्याला 'येस' म्हणून थांबू शकतो.

परीक्षेच्या सरावात मात्र विधानाचे उद्गारार्थी वाक्य करण्यासारख्या रूपांतरांना गरजेपेक्षा अधिक वेळ मिळतो, वास्तविक 'व्हॉट अ' या थाटाची वाक्ये रोजच्या बोलण्यात क्वचितच लागतात. तो वेळ प्रश्नांना दिलेला बरा. दोन विद्यार्थ्यांना एसटीच्या एकाच वेळापत्रकाचे दोन अर्धे भाग देऊन, एकमेकांचा कागद न पाहता ते पूर्ण करायला सांगितले, तर प्रत्येकाला खरोखरच ठाऊक नसलेले काहीतरी विचारावे लागते आणि 'व्हेन डज द बस लीव्ह' ही रचना फळ्यावरून उतरून कामाला लागते. त्याच खेळात नकारार्थी प्रश्नही आणता येतात. 'गाडी साताऱ्याला थांबत नाही का?' याला मराठीत 'हो, नाही थांबत' असे सहज म्हटले जाते, पण इंग्रजीत त्याच अर्थासाठी 'नो, इट डझन्ट' म्हणावे लागते, आणि 'येस' म्हटल्यास ऐकणारा गाडी थांबते असे धरून चालतो.