दुसरी गाडी, जुन्या वळणाची

घरात एक गाडी आहे. ती रोज ऑफिसला नेते, मुलांना क्लासला सोडते, किराणा आणते. तरीही शोरूमच्या काचेमागे गोल दिवा, फुगीर टाकी आणि सरळ सपाट सीट असलेली एखादी बाईक दिसली की पाय थबकतात. अशा गाड्यांना बाजारात ‘रेट्रो’ म्हणतात, म्हणजे रूप साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं आणि आतलं इंजिन, ब्रेक, विजेची यंत्रणा आजची.

अशी गाडी दुसरी म्हणून घेताना एक गोष्ट आधीच मनात धरावी. ही गाडी आठवड्यातले पाच-सहा दिवस उभी राहणार आहे. पार्किंगमध्ये, कोपऱ्यात, पावसाळ्यात तर सलग दोन-तीन आठवडे. या उभ्या राहण्याचा हिशेब न केल्यामुळेच बहुतेकांची निवड चुकते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून ताकदीपेक्षा वजन, साधेपणा आणि देखभाल यांबद्दल इथे जास्त बोलू.

पहिली पायरी घरीच करायची. आपली पहिली गाडी काय करत नाही, ते कागदावर लिहा. पहिली गाडी स्कूटर असेल, तर रविवारी सकाळी दिवे घाट चढून सासवडला जाऊन येण्यासाठी गिअरची, मोठ्या चाकांची बाईक हवी असणं साहजिक आहे. तिथे ३५० सीसीचा विचार योग्य. पण पहिलीच गाडी लांबच्या प्रवासाची, वजनदार असेल, तर दुसरी हलकी आणि शहरात वळवायला सोपी असावी. दोन्ही गाड्या एकाच कामाच्या निघाल्या, तर त्यातली एक नुसती धूळ खाते आणि पुढे कमी किमतीत विकावी लागते.

दुसरी पायरी वजनाची. शोरूममध्ये गाडी मुख्य स्टँडवर किंवा गुळगुळीत फरशीवर असते, तिथे वजन कळत नाही. साधारण अंदाजासाठी काही आकडे देतो. कावासाकी डब्ल्यू १७५ सुमारे १३५ किलो, यामाहा एक्सएसआर १५५ सुमारे १३७, टीव्हीएस रोनिन सुमारे १६०. ट्रायम्फ स्पीड ४०० पावणेदोनशे-एकशे ऐंशीच्या घरात, रॉयल एनफिल्ड हंटर ३५० आणि होंडा हाइनेस सीबी ३५० दोन्ही १८१ किलोच्या आसपास, तर रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० थेट १९५ किलो. मॉडेल बदललं की हे आकडे थोडे मागेपुढे होतात, म्हणून छापील पत्रकावर एकदा ताडून घ्या.

आता हे वजन प्रत्यक्ष अजमावा. इंजिन बंद ठेवा, सीटवर बसा आणि पायांनी ढकलत गाडी मागे न्या. मग खाली उतरून, हँडल धरून, किंचित चढावर तीच गाडी मागे घ्या. आपल्या सोसायटीत दोन मोटारींच्या मधल्या फटीतून गाडी बाहेर काढायची असेल, तर हीच कसरत दर वेळी करावी लागणार आहे. दर वेळी दमछाक झाली, की माणूस किल्ली उचलतानाच दोनदा विचार करतो आणि शेवटी स्कूटर घेऊन निघतो. दुसरी गाडी निवडताना मी तरी दहा किलो कमी वजनासाठी पाच अश्वशक्ती आनंदाने सोडेन.

सीटची उंचीही याच वेळी बघावी. यांतल्या बहुतेक गाड्यांची सीट ७९० ते ८१० मिलिमीटरच्या दरम्यान आहे. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि तीच उंची जास्त वाटते. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकायला हवेत. रोजच्या चपला-बुटांतच बसून बघा.

तिसरी पायरी इंजिनाची. पत्रकावर दोन शब्द दिसतील, ‘पॉवर’ आणि ‘टॉर्क’. टॉर्क म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. पॉवर म्हणजे तो जोर किती वेगाने लावता येतो त्याचं माप. जुन्या वळणाच्या गाडीचा स्वभाव कळण्यासाठी टॉर्कचा आकडा आणि तो किती फेऱ्यांना मिळतो, हे दोन्ही वाचा. होंडाच्या ३५० मध्ये ३० न्यूटन-मीटर जोर मिनिटाला ३,००० फेऱ्यांनाच मिळतो, हंटरमध्ये २७ न्यूटन-मीटर ४,००० फेऱ्यांना. म्हणजे वरच्या गिअरमध्ये, इंजिन न पिळता, गाडी संथपणे पुढे ओढली जाते.

याचं कारण सिलिंडरच्या आकारात आहे. हंटरच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, पण दट्ट्याची वरखाली चाल ८५.८ मिलिमीटर आहे. चाल लांब असली की इंजिन कमी फेऱ्यांत खेचतं आणि तो ठराविक ठोका ऐकू येतो. ट्रायम्फ स्पीड ४०० मध्ये नेमकं उलट आहे. व्यास ८९, चाल ६४. सुमारे ४० अश्वशक्ती मिळते, पण तिच्यासाठी इंजिन ८,००० फेऱ्यांपर्यंत न्यावं लागतं. ही गाडी बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होते आणि तिची बनावट नीटनेटकी आहे. दिसायला जुनी असली तरी स्वभावाने ती तरुण आहे, हे मात्र घेताना माहीत असावं.

इंजिन थंड कसं होतं, तेही विचारा. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला बाहेरून पातळ पंखासारख्या पट्ट्या असतात, रेडिएटर नसतो, कूलंट बदलावं लागत नाही. एनफिल्डच्या ३५० सीसीच्या गाड्या, होंडाची ३५० आणि कावासाकी डब्ल्यू १७५ या प्रकारच्या. स्पीड ४०० आणि एक्सएसआर पाण्याने, म्हणजे कूलंटने थंड होतात. बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीत जितके भाग कमी, तितकं बरं.

चाकांपाशी रूप आणि सोय यांची ओढाताण सुरू होते. तारांची चाकं, म्हणजे स्पोकची, अशा गाडीला शोभतात यात शंका नाही. पण साध्या तारांच्या रिममध्ये ट्यूब लागते. पंक्चर झालं की हवा झटकन जाते, चाक खोलावं लागतं आणि ताम्हिणी घाटात भर पावसात ते काम कोण करणार? अलॉयच्या ओतीव चाकात ट्यूबलेस टायर बसतो. खिळा रुतला तरी हवा हळूहळू जाते आणि गावापर्यंत पोचता येतं. शिवाय कोकणच्या दमट हवेत तारांच्या मुळाशी गंज लवकर धरतो. घाटात आणि समुद्रकाठी फिरायचं असेल तर अलॉय घ्या. फक्त शहरात, पुसून-चोळून ठेवायची हौस असेल तर तारा घ्यायला हरकत नाही.

ब्रेकबद्दल थोडक्यात. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊन घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा. स्वस्त प्रकारात ती फक्त पुढच्या चाकाला असते आणि मागे ड्रम ब्रेक असतो. ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरणं नेहमीचं आहे, त्यामुळे दोन्ही चाकांना एबीएस असलेला प्रकार परवडत असेल तर तोच घ्या. या एका ठिकाणी काटकसर करू नये.

आता फेरी, म्हणजे टेस्ट राइड. इथे लोक सर्वांत जास्त घाई करतात. शोरूमच्या गल्लीत पाच मिनिटं चालवून काहीही कळत नाही. आधी फोन करून वेळ ठरवा आणि इंजिन थंड असतानाच द्यायला सांगा. थंड इंजिन एका दमात सुरू होतं का, सुरू झाल्यावर बंद पडतं का, हे बघा. किमान अर्धा तास मागा.

या अर्ध्या तासात तीन गोष्टी करा. गर्दीच्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत चालवा, म्हणजे क्लच किती जड आहे ते बोटांना कळेल आणि इंजिनाची धग पायाला किती लागते तेही समजेल. हे शक्यतो दुपारी करावं. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० च्या आसपास दोन-तीन मिनिटं स्थिर वेग ठेवा. आरशातलं चित्र थरथरत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर लांबच्या फेरीत तो त्रास वाढतच जाईल.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. मागे जी व्यक्ती बसणार आहे, तिला सोबत न्या. या गाड्यांच्या मागच्या शॉकअपची चाल अनेकदा आखूड असते, सीट मागे अरुंद होत जाते आणि पाय ठेवायची जागा उंच असते. दोघं बसून एका मोठ्या स्पीड ब्रेकरवरून हळू जा. खालून घासल्याचा आवाज आला, तर आपल्या गल्लीतले ब्रेकर आठवा.

गाडी आवडली तरी लगेच बुकिंग करू नका. त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि क्लचची केबल, ब्रेक पॅड आणि पुढच्या दिव्याचा संच यांची किंमत विचारा, शिवाय ते आत्ता मिळतील का तेही विचारा. एनफिल्डचं काम जाणणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही भेटतो. कमी खपाच्या मॉडेलसाठी मात्र सुटा भाग मागवून वाट बघावी लागू शकते.

पैशांचा हिशेब ‘ऑन-रोड’ किमतीवर करावा, म्हणजे कर, विमा, नोंदणी धरून हातात पडणारी किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के झाला. त्यामुळे ३५० आणि ४०० सीसीच्या गाड्यांची तुलना करताना जुन्या किमती आठवून बोलण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रातला एकरकमी रस्ता करही इंजिनाच्या सीसीनुसार चढत जातो. नव्या दुचाकीला दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग पुढे दरवर्षी नूतनीकरण करायचा असतो आणि गाडी उभी आहे म्हणून तो चुकवू नये. पार्किंगमधून गाडी चोरीला गेली तर हाच भाग उपयोगी पडतो.

कुणाचं मन खऱ्याखुऱ्या जुन्या गाडीकडेच ओढ घेत असेल. १९८५ ते १९९६ या काळातली यामाहा आरएक्स १०० किंवा म्हैसूरला बनलेली येझदी यांची ओढ मला समजते, त्यांचा आवाज आजच्या कुठल्याच गाडीला नाही. पण इथे गाडीच्या आधी कागद बघा. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी स्वतः जुळवा. ठोकलेले आकडे घासलेले किंवा वाकडेतिकडे दिसले तर तिथून निघा.

नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, ती वाढवलेली आहे का ते बघा. पर्यावरण कराची पावती मागा. उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का आणि कर्जाचा बोजा उतरला आहे का, हेही तपासा. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. ‘नंतर सही देतो’ या शब्दावर पूर्ण रक्कम देऊ नका. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या कार्बोरेटरचे रबरी भाग आणि पाइप खराब होऊ शकतात, त्यामुळे ते बदलण्याचा खर्च व्यवहारातच धरा.

आता उभ्या राहण्याकडे येऊ. दिसायला जुन्या असलेल्या या नव्या गाड्यांपैकी बहुतेकींना किक नाही. बॅटरी उतरली की बटण निरुपयोगी. ढकलून सुरू करू म्हणावं, तर पेट्रोलचा पंप आणि इंजिनाचा संगणक यांनाही बॅटरीच लागते, त्यामुळे ती पूर्ण उतरली असेल तर ढकलूनही काही होत नाही. गाडी बंद असतानाही घड्याळ आणि इतर यंत्रणा थोडी थोडी वीज खात असतात.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी चालवा. जागेवर पाच मिनिटं इंजिन घुरघुरवणं हा उपाय नव्हे. स्टार्टरने खर्च केलेली वीजही तेवढ्यात भरून येत नाही आणि इंजिन पुरेसं तापत नसल्यामुळे सायलेन्सरमध्ये पाणी साचून आतून गंज धरतो. पार्किंगमध्ये प्लगची सोय असेल तर बॅटरी जपणारा छोटा चार्जर लावून ठेवता येतो. बॅटरी भरली की तो आपोआप थांबणारा असावा.

लांब उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेत दमट हवा राहते, पाणी सुटतं आणि लोखंडी टाकी आतून गंजते. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून तेच पेट्रोल महिनोन्‌महिने तसंच राहू देऊ नका. टायरमध्ये हवा पूर्ण ठेवा, मुख्य स्टँड असेल तर त्यावर लावा. चेनला ल्युब मारा. ऑइल किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षातून एकदा बदला, कारण ते काळानेही बिघडतं.

पावसाळ्यात प्लॅस्टिकचं आवरण गाडीवर घट्ट गुंडाळू नका. आत ओल कोंडते आणि क्रोमवर डाग पडतात. हवा खेळेल असं कापडी आवरण घ्या आणि ओली गाडी कधी झाकू नका. आठ-दहा दिवसांनी सीट उचलून बघत जा. पार्किंगमधले उंदीर वायरी कुरतडतात, आणि ते लवकर दिसलं तर काम एखाद्या वायरीवर भागतं.