बिनतारी जाळ्यांतील रेडिओ साधनांचे वाटप

मर्यादित रेडिओ कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या), वेळ व प्रेषणशक्ती एकाच क्षेत्रातील अनेक वापरकर्त्यांना विभागून देण्याची पद्धती. एकाच कंप्रतेवर, एकाच वेळी व जवळजवळ असलेले दोन प्रेषक कार्य करू लागल्यास त्यांचे संदेश ग्राहीत मिसळून निरुपयोगी होऊ शकतात. यास व्यतिकरण म्हणतात. ते टाळून अधिकाधिक वापरकर्त्यांना सेवा देणे हा वाटपाचा हेतू होय.

भ्रमणध्वनीच्या जाळ्यात प्रदेशाचे लहान कोशिकांत विभाजन करून प्रत्येक कोशिकेसाठी तळ केंद्र ठेवतात. पुरेशा अंतरावरील कोशिकांत त्याच कंप्रता पुन्हा वापरता येतात. ही कल्पना बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये मांडण्यात आली.

कोशिकेतील वाटपाचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत. कंप्रता विभाजनात प्रत्येकास वेगळा पट्टा मिळतो, तर काल विभाजनात एकच पट्टा पाळीपाळीने वापरतात. फिनलंडमध्ये १९९१ साली सुरू झालेल्या जीएसएम प्रणालीत या दोहोंचा संयोग असून २०० किलोहर्ट्‌झ रुंदीच्या प्रत्येक पट्ट्यावर ८ कालखंड असतात. संकेत विभाजनात सर्वजण एकच पट्टा एकाच वेळी वापरतात व ग्राही प्रत्येकाच्या स्वतंत्र संकेतावरून त्याचा संदेश निवडतो. येथे जवळच्या प्रेषकामुळे दूरचा झाकला जाऊ नये म्हणून आयएस-९५ प्रणालीत भ्रमणध्वनीची प्रेषणशक्ती सेकंदास ८०० वेळा नियंत्रित करीत. स्टॉकहोम व ऑस्लो येथे २००९ मध्ये सुरू झालेल्या एलटीई प्रणालीत १५ किलोहर्ट्‌झ अंतरावरील, परस्परांत व्यत्यय न आणणारे उपवाहक असतात. अशा १२ उपवाहकांचे गट दर सहस्रांश सेकंदास नव्याने वाटता येतात.

पाळी कोणास द्यावी, हा प्रश्न न्यायाचाही आहे. समजा, जवळच्या वापरकर्त्यास सेकंदास २० व कोशिकेच्या कडेच्या वापरकर्त्यास २ मेगाबिट माहिती पाठविता येते. सर्व वेळ पहिल्यास दिल्यास एकूण २० मेगाबिट जातात, परंतु दुसऱ्यास काहीच मिळत नाही. दोघांस समान माहिती द्यावयाची, तर बहुतेक वेळ दुसऱ्यावर खर्च होऊन एकूण माहिती सुमारे ३·६ मेगाबिटांवर येते. समान वेळ दिल्यास त्यांना अनुक्रमे १० व १ मेगाबिट मिळतात.

यांमधील मार्ग म्हणजे प्रमाणशीर न्याय. ही संकल्पना ब्रिटिश गणितज्ञ फ्रँक केली यांनी १९९७ मध्ये मांडली. तिच्यावर आधारित नियमानुसार ज्याचा त्या क्षणीचा संभाव्य वेग त्याच्या स्वतःच्या अलीकडील सरासरी वेगाच्या तुलनेत सर्वाधिक असेल, त्यास पाळी मिळते. दीर्घकाळ वंचित राहिलेल्याची सरासरी घटत असल्याने त्याची पाळी आपोआप जवळ येते. मात्र एलटीईची मानके संदेशांची रचना ठरवितात, पाळीचा नियम नव्हे. तो यंत्रनिर्माते व सेवाचालक निवडतात. त्यामुळे कडेच्या वापरकर्त्याच्या वाट्याला किती यावे, हे बव्हंशी त्यांच्या निवडीवर अवलंबून राहते.