गाऱ्यावरचा चिनी वसंत

संजाण या आपल्या वस्तीच्या पाडावानंतर पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, डहाणू-तलासरी परिसरातील बहरोटच्या डोंगरातील लेण्यांत बारा वर्षे जपला, असे परंपरा सांगते. परंतु याच समाजातील स्त्रिया लग्नकार्यात ‘गारा’ नावाची जी भरतकामाची रेशमी साडी नेसतात, तिच्यावर सह्याद्रीचे नव्हे, तर चीनचे निसर्गदृश्य असते. एकोणिसाव्या शतकात कापूस व अफू घेऊन कँटनला जाणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांनी परतताना भरलेले रेशीम आणले, आणि त्यासोबत खडक, पूल, पॅगोडे व बहरलेल्या फांद्याही आल्या. माणसांसह असलेल्या अशा देखाव्याला ‘चीना-चीनी’ म्हणतात.

फांदी आणि पाकळ्या साटिन टाक्याने, म्हणजे एकमेकांना लागून घातलेल्या सरळ टाक्यांनी भरल्या जातात. पाकळीच्या कडेकडून आत येताना दोऱ्याची छटा पांढऱ्याकडून गुलाबीकडे सरकते, आणि दोन पाकळ्यांमध्ये गडद कापडाची केसभर रेघ मोकळी सोडल्यामुळे वेगळी कड न शिवताही प्रत्येक पाकळी सुटी दिसते. फुलाच्या मध्यभागी ‘खाखा’ हा गाठीचा टाका येतो, ज्यात सुईभोवती दोरा गुंडाळून राईहूनही बारीक गाठ बसवावी लागते. हा टाका घालणाऱ्यांची दृष्टी जाते, ही दंतकथाच. मात्र अशा गाठींची एक ओळ पाहिली तरी ती का रुजली असावी, हे उमगते.

जुने गारे जीर्ण होऊ लागल्यावर पारशी वारसा जपण्यासाठी १९९९ साली सुरू झालेल्या पारझोर प्रकल्पाने हे टाके नव्या कारागिरांना शिकवण्याचे काम हाती घेतले.