सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर

"सी मध्ये काही ठेवलंय का?"

"नाही हो, माझं सगळं डेस्कटॉपवरच आहे."

विंडोज एक्सपीच्या जमान्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हे उत्तर ऐकलं की मुरलेला हार्डवेअरवाला हातातली विंडोजची सीडी बाजूला ठेवायचा. डेस्कटॉप सी ड्राइव्हच्याच पोटात, 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरमध्ये असायचा. सी फॉरमॅट मारला की समोर दिसणारं सगळं साफ. टॅलीचा हिशेबही अनेकांकडे प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे सी मध्येच असे.

त्यावरचा देशी तोडगा म्हणजे पार्टिशन. सी वर विंडोज. फोटो, गाणी, हिशेब सगळं डी वर. लॅपटॉप घरोघरी आले तसा हा तोडगाही डळमळला. कंपन्या सीडीऐवजी डिस्कवरच लपवलेलं रिकव्हरी पार्टिशन देऊ लागल्या. एचपीच्या अनेक लॅपटॉपवर चालू करताना एफ-११ दाबायचं, आसूसवर एफ-९. आसूसमध्ये पुढे विचारलं जाई: फक्त पहिलं पार्टिशन पूर्ववत करायचं की अख्खी डिस्क? घाईत दुसरा पर्याय निवडणाऱ्याचा डी ड्राइव्हही गेला.

मराठी माणसाचा आणखी एक घोळ होता. श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या फाइल डी वर सुखरूप असायच्या, पण फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमधले, म्हणजे फॉरमॅटबरोबर गेलेले. फाइल उघडावी तर लग्नपत्रिकेच्या जागी रोमन अक्षरांचा काला! पुन्हा श्रीलिपी टाकेपर्यंत डीटीपीवाल्याचं काम ठप्प. युनिकोड रुळल्यावर ही कटकट बरीचशी मिटली, आणि ती मिटल्याचं श्रेय फारसं कुणी कुणाला दिलं नाही.

२०१२च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज ८ने पहिल्यांदा सामान्य माणसाच्या हातात दोन वेगळी बटणं दिली. 'रिफ्रेश'मध्ये फाइल राहायच्या, 'रिसेट'मध्ये सगळंच जायचं. रिफ्रेशनंतर उडालेल्या प्रोग्रॅमची यादी डेस्कटॉपवर मिळे, हे खरंच सौजन्याचं होतं. २०१५मध्ये विंडोज १०ने दोन्ही एकाच 'रिसेट'खाली आणून 'कीप माय फाइल्स' असा पर्याय ठेवला. मात्र हे आश्वासन डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा फोल्डरांपुरतंच. बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातात, सेटिंग्ज जातात, ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डचाही भरवसा नाही. वापरणाऱ्याच्या लेखी तेही त्याचंच असतं. विंडोजच्या लेखी नसतं.

हा फरक २०१८मध्ये फार महागात पडला, तोही रिसेट न करता. २ ऑक्टोबरला विंडोज १०चं मोठं अपडेट निघालं आणि काहींचे डॉक्युमेंट्स, फोटो गायब झाले. मायक्रोसॉफ्टने ६ तारखेला वाटप थांबवलं. तपासात निघालं ते असं: काहींनी हे फोल्डर सी वरून दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते, पण जुन्या जागी थोड्या फाइल तशाच राहिल्या होत्या. अपडेटने ती जुनी जागा निरुपयोगी समजून पुसली. म्हणजे डी ड्राइव्हची शहाणी सवय अर्धवट पाळणारेच नेमके सापडले! दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली.

२०२२च्या सुरुवातीला उलटाच प्रकार घडला. रिसेट करताना 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडूनही वनड्राइव्हवरून लॅपटॉपवर उतरलेल्या फाइल 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरमध्ये शिल्लक राहू शकतात, हे मायक्रोसॉफ्टने मान्य केलं. जुना लॅपटॉप विकणाऱ्याला हे कळणार कसं? मग २०२५च्या ऑगस्टमधल्या अपडेटने विंडोजच्या काही आवृत्त्यांवर रिसेटच बंद पाडला. आठवडाभरात दुरुस्ती आली.

दरम्यान डिस्कही बदलल्या. जुन्या हार्ड डिस्कवरून पुसलेले फोटो रिकव्हरी सॉफ्टवेअरने बऱ्याचदा परत मिळायचे. एसएसडीवर पुसलेली जागा आपोआप रिकामी करणारी 'ट्रिम' ही सोय चालू असेल तर ती आशा जवळपास संपते. त्यात आता डिस्क कुलूपबंद. विंडोज ११च्या २०२४च्या आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरुवात केली की बहुधा आपोआप एन्क्रिप्शन लागतं. विंडोज बिघडलं आणि डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, तरी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती की त्या अकाउंटमध्ये असते. आणि अकाउंट अनेकदा लॅपटॉप घेताना दुकानदारानेच काढून दिलेलं असतं. त्या अकाउंटचा ईमेल पत्ता घरात कुणालाच माहीत नसतो.