पोलादातील प्रावस्था रूपांतरणावर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम

पोलादाची अंतर्गत स्फटिकी संरचना तापमानाप्रमाणे बदलते. या बदलास प्रावस्था रूपांतरण म्हणतात. पोलादाचे बहुतेक उष्णता संस्करण यावरच आधारलेले आहे. रूपांतरण घडत असताना पोलाद तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यास रूपांतरणाचे तापमान, त्याचा वेग व अंतिम संरचना यांत फरक पडतो.

शुद्ध लोखंड ९१२° से. पर्यंत फेराइट या प्रावस्थेत असते. त्याहून वर १,३९४° से. पर्यंत ऑस्टेनाइट ही प्रावस्था स्थिर असते. फेराइट ७७०° से. या क्यूरी तापमानाखाली लोहचुंबकीय असते, तर ऑस्टेनाइट समचुंबकीय असून चुंबकाकडे अत्यल्प आकर्षिले जाते. तापविलेल्या पोलादाला पाणी दिले असता, म्हणजे ते एकदम थंड केले असता, ऑस्टेनाइटापासून कठीण मार्टेन्साइट बनते व तेही लोहचुंबकीय असते.

तत्त्व : ज्या प्रावस्थेचे चुंबकन अधिक, तिची मुक्त ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात अधिक घटते व ती अधिक स्थिर होते. त्यामुळे फेराइट व मार्टेन्साइट यांना क्षेत्राचे पाठबळ मिळते. थंड होणाऱ्या पोलादात ऑस्टेनाइटाचे रूपांतरण अधिक उच्च तापमानास सुरू होते. ही वाढ पोलादाच्या घटकांनुसार दर टेस्लामागे सु. १ ते ३° से. असते.

हा परिणाम मर्यादित आहे. सामान्य तापमानास संपृक्त चुंबकन झालेल्या लोखंडाला १ टेस्ला क्षेत्रापासून दर मोलमागे सु. १२ जूल ऊर्जा लाभते. उच्च तापमानास त्याहूनही कमी लाभते. उलट, कार्बनी पोलादात मार्टेन्साइट बनू लागण्यास दर मोलमागे १,००० जूलांहून अधिक ऊर्जा लागते. म्हणून साध्या विद्युत् चुंबकाचा परिणाम जेमतेम जाणवतो. १० टेस्ला वा अधिक क्षेत्र लावल्यास तो स्पष्ट दिसतो.

संशोधन : मार्टेन्साइट रूपांतरणावरील चुंबकीय क्षेत्राच्या परिणामाविषयी व्ही. डी. सदोव्हस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये सोव्हिएट रशियात संशोधन प्रसिद्ध केले. १९८० नंतरच्या दशकात जपानमधील ओसाका येथे टी. काकेशिता व के. शिमिझू यांनी लोह-निकेल मिश्रधातूंवर स्पंदित क्षेत्रांचे प्रयोग केले. क्षेत्र एका विशिष्ट सीमेपलीकडे गेले की, एरवी ज्या तापमानास मार्टेन्साइट बनत नाही, तेथेही ते बनते, असे त्यांत आढळले. पुढे अतिसंवाहक चुंबकांमुळे तीव्र क्षेत्र दीर्घकाळ टिकविणे शक्य झाले.

उपयोग : उच्च कार्बनी पोलादाला पाणी दिल्यावर काही ऑस्टेनाइट रूपांतरित न होता उरते. ते कालांतराने मार्टेन्साइटात बदलते तेव्हा त्याचे आकारमान सु. ४ टक्क्यांनी वाढते. धारवे व मापनसाधने यांच्या अचूकतेला त्यामुळे बाध येतो. असे ऑस्टेनाइट घटविण्यासाठी पोलाद शून्याखालील तापमानापर्यंत थंड करतात. तीव्र चुंबकीय क्षेत्रानेही तेच साधता येते. उष्णता पृष्ठभागापासून गाभ्याकडे क्रमाक्रमाने पोहोचते. स्थिर चुंबकीय क्षेत्र मात्र वस्तूच्या सर्व भागांवर एकाच वेळी कार्य करते, हा त्याचा विशेष होय. तथापि मोठ्या वस्तूंना पुरेल एवढ्या अवकाशात असे क्षेत्र निर्माण करणे खर्चिक असल्याने ही पद्धती अद्याप मुख्यतः प्रयोगशाळांपुरतीच राहिली आहे.